बाहीच्या उशीचे ठोके

हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये, असं म्हणतात. आमच्या ताईने हात दाखवला तो ज्योतिषाला नव्हे, घड्याळाला. तेही तिच्या पोटच्या मुलाने पाठवलेल्या. घड्याळ आपलं नावाला, वेळ सांगणं हा त्याचा जोडधंदा. मूळ धंदा म्हणजे मनगटावर हिरवा दिवा लावून हृदयाचे ठोके मोजायचे आणि दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब राहणाऱ्या माझ्या भाच्याला ते फोनवर कळवायचे. ताईच्या छातीत काय चाललंय हे शेजारच्या खोलीतल्या मला कळायच्या आत त्याला कळणार, अशी ही व्यवस्था होती.

व्यवस्थेला कारण होतं. ताईचं हृदय थकलंय, ठोके अधूनमधून चुकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात आम्ही दोघंच. तिचे यजमान गेले, माझी बायको गेली, आणि उरलेल्या भावंडांनी दोन घरं कशाला झाडायची, असं म्हणून ताई आपलं पायाचं शिलाई मशीन घेऊन माझ्याकडे राहायला आली. मशीन आधी आत आलं, ती मागून. तेव्हापासून माझ्या बैठकीच्या खोलीत बसायला जागा नाही. जिथे बसावं तिथे कुणाचा तरी अर्धा फ्रॉक असतो.

भाच्याने घड्याळाबरोबर अटही पाठवली. फोनवर तो मला म्हणाला, "मामा, आकडा तीनदा लाल झाला की मी येणार आणि आईला इकडे घेऊन येणार. आता वाद नको." त्याच्याकडे आईसाठी खोली तयार होती, नर्स ठरवलेली होती, लिफ्ट होती. ताईने एवढंच विचारलं, "आणि मशीन?" तो म्हणाला, "आई, आता कशाला मशीन?" तिने दाताने दोरा तोडला.

ताई गेली तर या घरात मी आणि भिंती. हे मी तिला सांगितलं नाही, कारण आमच्या घरात असली वाक्यं बोलायची पद्धत नाही.

पहिला लाल आकडा दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. ताई पडद्याला दुमड घालत होती. भाच्याचा फोन आला. आईचे ठोके दीडशेच्या वर गेलेत, तिला झोपवा, खिडक्या उघडा, डॉक्टरांना बोलवा. मी धावत गेलो. ताई मशीनवर बसून शांतपणे पडदा पुढे सरकवत होती आणि गुणगुणत होती. दीडशे ठोके पडणारं माणूस गुणगुणत नाही, एवढं मला वैद्यकातलं कळतं. तरी तिला उठवून आडवं केलं. आडवी झाल्याबरोबर आकडा उतरला. संध्याकाळी ती पुन्हा मशीनवर बसली आणि दुसरा लाल आला.

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. सगळी नोकरी दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात गेली. दुकानदार मला काटेसाहेब म्हणत, आणि ते नाव निवृत्तीनंतरही पेन्शनसारखं चालू राहिलं. कुठलंही मोजायचं यंत्र दिसलं की ते खरं आहे असं मी आधी धरून चालत नाही. माझ्या बायकोने एकदा स्वयंपाकघरासाठी नवा काटा आणला होता, तो मी आधी पडताळून पाहिला आणि मगच त्यावर साखर ठेवू दिली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. काट्यात मात्र खरंच फरक निघाला होता.

तेव्हा आकडा भाच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी ताईचा फोन बंद केला, तिला मशीनवर बसवलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलो. ती हळू पाय मारी तसा आकडा खाली, जोरात मारी तसा वर. सुईच्या वरखाली होण्याबरोबर तिचे हात थरथरत होते आणि घड्याळ ती थरथर मोजून हृदयाच्या नावावर खपवत होतं. थोडक्यात, भाच्याला कळत होते ते शिलाई मशीनचे ठोके. आणि मशीनची तब्येत उत्तम होती.

हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ते जगभर लाखो लोक वापरतात." मी म्हटलं, खोटी वजनंही वापरतात. तो म्हणाला, "तुम्ही सिद्ध करून दाखवा." झालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घड्याळ खोटं आहे हे कागदोपत्री सिद्ध करायचं मी ठरवलं. ताईला वाटलं मी खात्याच्या जुन्या खोडीपायी हे करतोय. तसं वाटू दिलं.

ही बातमी जिन्यावर पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातले कॅशियर स्वतः तसलंच घड्याळ घालून फिरायला जातात. त्यांनी निदान केलं की पट्टा सैल आहे. मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट, पण रक्त थांबणार नाही इतपतच घट्ट बांधावा. तसा बांधला तर ताईच्या बोटांना मुंग्या आल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हात गार असले की घड्याळाला काही सापडत नाही, त्यांना गरम पाण्यात बुडवा. बुडवले. घड्याळ म्हणालं, कृपया हात कोरडा करा. वहिनींचे यजमान म्हणाले, हातावरचे केस काढा. ताईच्या हातावर केस नव्हतेच, तर ते माझ्या हाताकडे बघायला लागले. उंटावरचे शहाणे तिघे होते, आणि शेळी मी.

कॅशियरांनीच मग कुणा व्यायामशाळेच्या मास्तरांकडून छातीला बांधायचा पट्टा आणला. तो म्हणे हृदयाच्या अगदी दारात बसून मोजतो, तेव्हा चुकत नाही. हे मात्र मला पटलं. प्रमाण वजन हातात असल्याशिवाय दुसरं वजन खोटं ठरवता येत नाही. पट्टा ओला करून उघड्या छातीवर बांधायचा होता. ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की प्रयोगाचा देह कुणाचा, हा प्रश्न तिथेच मिटला.

ठरलं असं की ताईचा फोन पुन्हा बंद करून, छातीला पट्टा आणि मनगटाला घड्याळ बांधून मी जिना चढायचा, पट्ट्याचा आकडा कॅशियरांनी आपल्या फोनवर बघायचा आणि घड्याळाचा वहिनींनी. मी बनियनवर होतो. सरकारी माणसाने जिन्यात बनियनवर उभं राहू नये असं माझं मत आहे, पण शास्त्रासाठी माणसाला कपड्यांचा विचार सोडावा लागतो. तळापासून वरपर्यंत धावत गेलो. वर पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं. कॅशियर ओरडले, "एकशे चाळीस." वहिनी घड्याळाकडे बघून पांढऱ्या पडल्या. घड्याळात चाळीस होते.

मी विजयाने हात वर केला. धाप लागल्यामुळे तोंडातून शब्द फुटेना, आणि हात वर करून तोंड उघडझाप करणारा, चाळीस ठोक्यांचा माणूस बघून वहिनींच्या यजमानांनी मला जिन्यातच आडवा केला. मी मान हलवून नाही नाही म्हणत होतो, त्याला ते आचके समजले. वहिनींनी पायांचे तळवे चोळले. कॅशियरांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि पत्ता सांगताना "वय झालंय" हे दोनदा सांगितलं. ॲम्ब्युलन्सवाले आले तोवर मला वाचा फुटली होती, पण जिन्यात कुणी माझं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. सगळ्यांसमोर मला स्ट्रेचरवर बांधलं. गाडीतल्या नर्सने माझं मनगट दोन बोटांत धरलं, स्वतःच्या साध्या घड्याळाकडे बघितलं, आणि विचारलं, "काका, तुम्ही धावला होता का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग गाडीतून उतरून घरी जा. सावकाश."

मी उतरलो. गल्लीतले जेवढे लोक मला ओळखत होते तेवढे सगळे तिथे होते. बनियनवर मी आणि छातीला पट्टा.

इतकी फटफजिती झाल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. मी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथल्या मुलीने घड्याळ स्वतःच्या हातावर बांधलं, आकडा बघितला आणि घड्याळ बरोबर असल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या हातावर ते चुकतं. ती म्हणाली, मग बहिणीला घेऊन या. मी म्हटलं, मशीनपण आणू का? तिने आतून एक पुस्तिका आणली आणि शेवटच्या पानावरची बारीक ओळ दाखवली. हे उपकरण वैद्यकीय निदानासाठी नाही. मी विचारलं, मग कशासाठी आहे? ती जरा विचार करून म्हणाली, "काका, साधारण अंदाज यावा म्हणून."

घरी येऊन घड्याळ ताईला परत दिलं आणि दोन दिवसांनी मी माझ्या जुन्या खात्यात गेलो. माझ्या हाताखाली कारकून असलेला माणूस आता माझ्या खुर्चीत बसतो. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि माझा अर्ज दोनदा वाचला. मग फार अदबीने म्हणाला, "साहेब, आपला कायदा विकायच्या वस्तूंना. वजनाने, मापाने किंवा नगाने विकतात त्या. ठोके कुणी विकत घेत नाही." मी म्हटलं, विकत मिळत असते तर? तो हसला नाही. त्याला ताई माहीत होती, त्याच्या मुलीचे फ्रॉक तीच शिवायची. म्हणाला, "मिळत असते तर साहेब, मीच दोन वजनं जास्तीची टाकून दिली असती." मी चहा तसाच ठेवून उठलो. डोळ्यांना काहीतरी झालं होतं.

घरी आलो तर घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. भाच्याचा फोन आला आणि तो चक्क आनंदात होता. आईचे ठोके दोन दिवस झकास आहेत, सत्तरच्या आसपास, मशीनवर असो, झोपेत असो, एकसारखे. तिसरा लाल आलाच नाही. "मामा, तुम्ही पट्टा नीट केलात वाटतं. आता माझा जीव भांड्यात पडला."

त्याचा पडला, माझा उडाला. जो काटा कधीच हलत नाही त्याच्याखाली काहीतरी चिकटवलेलं असतं, हे माझ्या नोकरीतलं पहिलं शिक्षण. खरं माप डगमगतं. मी ताईच्या खोलीत गेलो. ती मशीनवर होती, आणि मनगट मोकळं होतं. इस्त्रीच्या टेबलावर तिची बाहीची उशी पडली होती. बाहीला इस्त्री करताना आत घालायची, हाताएवढी लांब आणि हाताएवढीच जाड, चिंध्या ठासून भरलेली. तिच्यावर जुन्या निळ्या शर्टाचं कापड होतं. त्या उशीला घड्याळ बांधलं होतं. हिरवा दिवा लुकलुकत होता. आकडा होता बहात्तर. समोर हात असो की चिंध्या, परत आलेल्या उजेडातून कुठलातरी आकडा काढायचाच, असा त्या दिव्याचा खाक्या होता.

चिंध्यांचे बहात्तर ठोके मी उभ्याने बघत राहिलो. सगळी हयात दुकानदारांना सांगितलं, मापात पाप नको. आणि इथे कुंपणच शेत खात होतं, ते घर माझंच होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"उशी आहे," ताई म्हणाली. मशीन थांबवलं नाही.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. मुलाला खोटा आकडा दाखवणं. तिने कापड काढलं, उलटं केलं आणि मला शिवण दाखवली. शेजारच्या मुलीचा फ्रॉक होता. कडेला दोन बोटं कापड आत दुमडून शिवलं होतं. "हे बाहेरून दिसतं का? पोरगी वाढली की उसवायचं. मी कुठलाच कपडा अगदी मापात शिवत नाही. अगदी मापातला कपडा सहा महिन्यांत टाकून द्यावा लागतो." मग म्हणाली, "तो तिकडे रात्रंदिवस माझे आकडे बघत बसायचा. कामावर चुका करत होता. आता जेवतोय नीट. आणि मला इथून जायचं नाही रे. मला काय होतंय ते मला कळतंय. मला मशीनजवळ राहू दे."

मी तिला त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेलं. त्यांना सगळं सांगितलं, उशीसकट. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी ताईचं मनगट धरलं, बराच वेळ धरलं, ईसीजीची कागदी पट्टी काढून बघितली. मग तिला बाहेर बसवून मला म्हणाले की औषधं चालू ठेवा, त्यापलीकडे आता करण्यासारखं फारसं नाही. कुठेही नेलंत तरी एवढंच. "त्यांना जिथे बरं वाटतं तिथे राहू द्या. आणि रोज नाडी तुम्हीच बघत जा. बोटांनी."

तेव्हापासून दोन कामं माझी झाली. सकाळी उशीला घड्याळ बांधायचं, पट्टा घट्ट पण बेताचा, कॅशियरांच्या सल्ल्याप्रमाणे. अधूनमधून ती उशी हातात घेऊन घरभर फिरवायची, म्हणजे भाच्याला आई चालल्यासारखी दिसे. वहिनींनी एकदा मला उशी घेऊन येरझाऱ्या घालताना बघितलं आणि सहानुभूतीने दार लोटून घेतलं. पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होत्या.

दुसरं काम संध्याकाळचं. ताई हात पुढे करी, मी दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवी. लहानपणी शाळेत नेताना तिने माझा हात धरला होता, त्यानंतर आम्ही एकमेकांचा हात कधी धरलाच नव्हता. बोटाखाली ठोके यायचे, मध्येच एखादा गाळायचे, मग घाईघाईने दोन एकदम. ती विचारायची, "किती?" आणि मी, तमाम दुकानदारांचा कर्दनकाळ, बेधडक सांगायचो, "सत्तर. झकास." मी आयुष्यात माप मारलं ते तेव्हा, आणि रोज मारलं. ती म्हणायची, "दोन बोटं जास्तीची धरलीस ना?" आणि हसायची.

असे बरेच महिने गेले. मला ते थोडे वाटतात.

त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो तर मशीन बंद होतं. ताई खुर्चीत मागे टेकून बसली होती, मांडीवर अभ्रा, सुईत दोरा ओवलेला. मी हाक मारली. मग चहा खाली ठेवला आणि तिचं मनगट धरलं. बोटं बराच वेळ तशीच ठेवली. मला मोजायचं होतं, आणि मोजायला काही नव्हतं.

डॉक्टर आले, जिन्यातले सगळे आले. कॅशियर दारात उभे राहून रडले. मी भाच्याला फोन केला आणि शब्दांनी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "निघतो." बाकीचं सगळं वहिनींनी आणि त्यांच्या यजमानांनी बघितलं. माझ्या हातून दोन गोष्टी राहून गेल्या. चहाचा कप उचलायचा राहिला आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघायचं राहिलं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. अंत्यविधी आटपून लोक गेल्यावर, त्याच दिवशी, तो मशीनच्या स्टुलावर बसला. फोन हातात उलटा धरला होता.

"मामा, एक विचारू? तुमचा फोन आला आणि मी गाडीत बसलो. सगळ्या वाटेत आईचे ठोके दिसत होते मला. एकाहत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर. मला वाटलं, तुमचं काहीतरी चुकलंय. शेजाऱ्यांनी तुम्हालाही एकदा आडवं केलं होतं ना, तसं काहीतरी झालंय. गाडी फाटकापाशी थांबली तेव्हासुद्धा बहात्तर होते."

मी त्याला हाताला धरून इस्त्रीच्या टेबलापाशी नेलं. उशी तशीच पडली होती. हिरवा दिवा अजून चालू होता.

त्याने वाकून कापडावरून हात फिरवला. "हा माझा शर्ट आहे," तो म्हणाला. "शाळेतला."

"हो."

"म्हणजे इतके महिने मी..."

"हो. खरे ठोके डॉक्टर बघत होते. आणि मी, रोज." एवढं बोलून मी थांबलो. आरोपीने जबाब देऊन उभं राहावं तसा उभा होतो. तो चिडेल, ओरडेल, माझ्यामुळे आईला नेता आलं नाही म्हणेल, आणि ते सगळं ऐकायची माझी तयारी होती. त्याचा तो हक्कच होता. "तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून तिने ते बांधलं. तिला मशीनपासून लांब जायचं नव्हतं. तिनेच शोधून काढलं, आणि नंतर बांधत मी होतो."

त्याने उशी उचलली. छातीशी धरली. घड्याळ काढायला बकलावर बोट ठेवलं, आणि तसंच राहू दिलं. मग म्हणाला, "सगळ्यांची आई काल दुपारी गेली. माझी आज सकाळपर्यंत होती, मामा."

ताईने आत दुमडून ठेवलेलं कापड त्या एका रात्रीत उसवलं गेलं होतं, आणि ते पुरेसं निघालं होतं. मी रडत होतो आणि तोही.

जाताना त्याने मशीन माझ्याकडेच राहू द्यायला सांगितलं. बाकी काही नेलं नाही. उशी तेवढी काखेत घेतली, शर्टाची निळी बाजू बाहेर, पट्ट्यातून हिरवा दिवा लुकलुकतोय. मी आजवर शेकडो खोटी वजनं जप्त केली, सील करून, पावती देऊन, कुणाचीही गय न करता. हे एक खोटं माप माझ्या डोळ्यांदेखत घराबाहेर चाललं होतं. मी पुढे झालो आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.